मुद्रेतली आठ अक्षरं

पेपरात सरकारी जाहिरात आली की आपण मंत्र्यांचे फोटो बघतो आणि पान उलटतो. कोपऱ्यातला राज्याचा गोल शिक्का सहसा कुणी वाचत नाही. मधोमध दिवा, भोवती कमळं आणि कडेने बारीक अक्षरं: 'प्रतिपच्चंद्रलेखेव वर्धिष्णुर्विश्ववंदिता । महाराष्ट्रस्य राज्यस्य मुद्रा भद्राय राजते ॥'

पहिली ओळ शाळेपासून पाठ, त्यामुळे नजर पुढे धावते आणि ठेचकाळते. इथे शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेतलं 'शाहसूनोः शिवस्यैषा', म्हणजे 'शहाजीपुत्र शिवाची ही', हवं होतं ना? पण हा बदल ज्याला सुचला त्याला माझा दंडवत. श्लोकाचं वृत्त अनुष्टुभ, त्याच्या चरणात अक्षरं आठच. जुना चरण आठांचा, आणि 'महाराष्ट्रस्य राज्यस्य' बोटांवर मोजा, तेही आठच! राजा उतरला, राज्य बसलं आणि वृत्ताला ओरखडासुद्धा नाही. इतकं बिनबोभाट सत्तांतर आपण पुन्हा पाहिलेलं नाही.

या बदलात बाप तेवढा हरवला. मूळ मुद्रा 1646 च्या पत्रावर दिसते, म्हणजे महाराज तेव्हा जेमतेम सोळाचे. वडील आदिलशाहीतले मोठे सरदार, त्यांची मुद्रा फारसी. मुलाची संस्कृत, पण तिच्यात स्वतःच्या आधी वडिलांचं नाव. बंडही आणि अदबही, दोन्ही एकाच चरणात. राज्याने आता बाप कुठून आणायचा?

आणि पहिल्या ओळीतला तो प्रतिपदेचा चंद्र! शुद्ध प्रतिपदेची कोर बहुतेकदा दिसतच नाही, सूर्यापाठोपाठ मावळते. आपल्याला दिसते ती बीजेची. पौर्णिमा सोडून, बीजही सोडून, न दिसणारी कोर मुद्रेवर घालायची आणि वर तिला विश्ववंदिता म्हणायचं, याला छाती लागते. शिक्क्यातला दिवा मला त्यापुढे जरा मवाळ वाटतो. श्लोक वाढण्याची भाषा करतो आणि दिवा आपला आहे तेवढाच तेवत राहतो. मूळ मुद्रेचे आठ कोनही या गोलात हरवले. ते 2022 मध्ये नौदलाच्या नव्या ध्वजावर उगवले, हे एक बरं झालं.

महाराजांच्या पत्राच्या शेवटी आणखी एक छोटी मुद्रा असे, तिला मोर्तब म्हणत: 'मर्यादेयं विराजते'. मजकूर इथे संपला, याखाली कुणी ओळ घुसडायची नाही. राज्याने वरची मुद्रा घेतली, मर्यादा तेवढी घ्यायची राहिली. म्हणून शासन निर्णयामागून शुद्धिपत्रक येतं, त्यामागून पुरवणी आदेश, मग मुदतवाढ. हल्ली निर्णयाच्या तळाशी डिजिटल स्वाक्षरी असते. नंतर कुणी एक काना जरी बदलला तरी पडताळणीत पकडला जातो. मोर्तबाचं काम आता तिच्याकडे आलंय, फक्त तिला अनुष्टुभात बसवणारा अजून भेटायचाय.