रँगल पर्वतातली डॉल शीपची शिकार: रायफल किती हलकी हवी आणि बाकीचं वजन कुठे कमी करायचं

मंडळी, ऑगस्टमध्ये अलास्कातल्या रँगल पर्वतात डॉल शीपच्या, म्हणजे इथल्या पांढऱ्या जंगली मेंढ्यांच्या मागे जाऊन आलो, तेव्हापासून इथल्या अँकरेजच्या मित्रांचे दोनच प्रश्न सुरू आहेत, रायफल कुठली आणि सॅक किती किलोची, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो. भारतात 1972 च्या कायद्यापासून शिकार बंद आहे आणि ती बंदच राहावी, त्यामुळे हे सगळं फक्त अलास्कापुरतं. इथे सलग 12 महिने घर करून राहिलेले असाल तरच स्वतःच्या जिवावर जाता येतं. बाहेरच्या राज्यातल्या अमेरिकन नागरिकाला गाइड किंवा इथे राहणारा जवळचा नातेवाईक सोबत लागतो आणि बाहेरून येणाऱ्या परदेशी नागरिकाला तर गाइडच लागतो. व्हिसावर असाल तर बंदुकीचे फेडरल नियम वेगळे आहेत, ते आधी वाचा.

सीझन 10 ऑगस्ट ते 20 सप्टेंबर. चितीना गावाहून सुपर कब या छोट्या विमानाने एका नदीकाठच्या खडीवर उतरलो. पायलट सॅक काट्यावर टाकतो आणि जास्त भरली तर तोंडावर सांगतो, हे काढा. बेअर स्प्रे केबिनमध्ये घेत नाहीत, पंखाच्या दांड्याला बाहेरून टेपने बांधतात. आणि ज्या दिवशी उडालात त्या दिवशी शिकार नाही, दुसऱ्या पहाटे तीननंतरच. रँगल-सेंट इलायस या इथल्या राष्ट्रीय उद्यानात पार्क आणि प्रिझर्व्ह असे दोन वेगळे भाग आहेत, आपल्यासारख्यांना फक्त प्रिझर्व्हमध्ये परवानगी, त्यामुळे हद्दी फोनच्या नकाशात ऑफलाइन टाकून ठेवा.

आता रायफल. दोस्ताकडे टिक्का टी-थ्री-एक्स लाइट, .270 विंचेस्टर काडतुसाची, नुसती रायफल साधारण 2.9 किलो. स्कोप, रिंगा, पट्टा आणि काडतुसं धरून साडेतीनच्या आसपास. किंबरची माउंटन असेंट छोट्या काडतुसांत सव्वादोन किलोच्याही खाली येते आणि बरेच जण त्या 700 ग्रॅमसाठी कितीतरी जास्त पैसे मोजतात. माझं स्पष्ट मत, नका मोजू. सुट्या दगडांच्या घसरड्या उतारावरून चढून वर पोचता तेव्हा धाप लागलेली असते, छाती धडधडत असते आणि हलक्या रायफलचं तोंड त्या प्रत्येक ठोक्याला नाचतं. शिवाय धक्का. पाच पौंडांच्या रायफलमध्ये .300 मॅग्नमसारखं जोरदार काडतूस घालणाऱ्यांना रेंजवर तिसऱ्या गोळीनंतर डोळे मिटताना पाहिलंय. मोठा मेंढा 300 पौंडांपर्यंत जाऊ शकतो पण तो काही मूससारखं अवाढव्य हरीण नाही, .270 मधली 130 ग्रेनची (साधारण साडेआठ ग्रॅमची) चांगली गोळी किंवा 6.5 क्रीडमूर हे काडतूस भरपूर झालं. 200 यार्डांवर झीरो केलं, म्हणजे गोळी नेमकी नेमावर लागेल असा स्कोप लावला, की .270 ची गोळी 300 ला सहासात इंच खाली जाते, एवढं पाठ असलं की बास, मोठ्या चकत्या फिरवून नेम जुळवायचे स्कोप लागत नाहीत, 350-400 ग्रॅमचा साधा स्कोप पुरतो. नळी स्टेनलेस आणि दस्ता सिंथेटिक घ्या कारण पाऊस रोज आहे, आणि नळीच्या तोंडावर इलेक्ट्रिकची टेप लावा म्हणजे बर्फ आत जात नाही, गोळी टेपमधून बिनधास्त निघते.

जिथे वजन अजिबात वाचवू नये ती गोष्ट म्हणजे स्पॉटिंग स्कोप, लांबचं बारकाईने बघायची एका नळीची दुर्बीण. कायद्याने मेंढ्याचं शिंग पूर्ण गोल वळलेलं हवं, किंवा दोन्ही शिंगांची टोकं तुटलेली, किंवा वय किमान आठ वर्षं, आणि ते वय शिंगावरच्या वलयांवरून लांबूनच मोजायचं. चुकीचा मेंढा पाडला तर मोठी अडचण. आम्ही एका कळपासमोर जवळजवळ पूर्ण दिवस आडवे पडून होतो, सगळ्यात मोठा वाटणारा मेंढा एका बाजूने पूर्ण वाटायचा आणि मान वळवली की कमी, शेवटी सोडून दिला. कोवा कंपनीचा 55 मिलिमीटरचा स्पॉटिंग स्कोप 800 ग्रॅमचा आहे, दोघांत एक पुरतो. दुर्बिणी मात्र दोन, प्रत्येकाच्या गळ्यात.

वजन खरं कमी होतं ते कपड्यांत आणि खाण्यात. अंगावर एक जोड, झोपायला कोरडा एक, पफी जॅकेट, रेनकोट, मोजे, संपलं. खाणं दिवसाला 700-800 ग्रॅम, आणि इथे आपलं डोकं चालतं, शेंगदाण्याची चिक्की, गूळपोळ्या, छोट्या बाटलीत तूप, कारण ग्रॅमला सगळ्यात जास्त कॅलरी तुपातच. दोस्त आधी हसला आणि नंतर माझ्याच पोळ्यांवर डोळा ठेवून होता. तंबूत कंजूषपणा नको, ऑगस्टमध्येही बर्फ पडतो आणि वारा रात्रभर. काठ्या दोन घ्याच. हिमनदीचे प्रवाह दुपारी बर्फ वितळून फुगतात म्हणून पहाटेच ओलांडा, आणि प्यायला तो राखाडी गाळ नको, बाजूचा स्वच्छ ओढा शोधा.

एवढं सगळं करून सॅक 23-24 किलोची झाली. पण हिशोब जाण्याचा करू नका, येण्याचा करा. पुढच्या खोऱ्यात दोस्ताला हवा तसा मेंढा मिळाला, सॅकवर रायफल टेकवून, झोपून, 230 यार्डांवरून एक गोळी. त्यानंतर सगळं खाण्यालायक मांस, बरगड्या आणि मानेसकट, आणावंच लागतं, हाडं काढूनही तीसेक किलो, वर कातडं आणि शिंगं वेगळी. शिंगं आधी उचलून न्यायची नाहीत, मांस सगळं आल्यावर किंवा शेवटच्या फेरीत. म्हणून सॅकची फ्रेम 45-50 किलो झेलणारी हवी, दीड किलोची फॅन्सी अल्ट्रालाइट सॅक इथे कामाची नाही. मांसासाठी कापडी पिशव्या घ्या, प्लास्टिकमध्ये ते घामेजून खराब होतं, आणि रात्री तंबूपासून लांब, दिसेल अशा जागी टांगा किंवा ठेवा कारण अस्वलं आहेत. (मटण अप्रतिम, रस्सा मी केला.)

शिंगं 30 दिवसांच्या आत फिश अँड गेमच्या, म्हणजे राज्याच्या शिकार खात्याच्या ऑफिसात नेऊन सील करून घ्यावी लागतात, ते शिंगात धातूचा छोटा प्लग बसवतात. निघायच्या आधी त्या वर्षीचे नियम त्यांच्याच पुस्तिकेत बघा, कारण मागच्या काही कडक हिवाळ्यांत शीप खूप घटल्यात आणि काही भागांत नियम बदललेत.