मराठवाड्यात पांढरं ऑर्किड जगवायचं तर आधी पाणी बघा

मे महिन्यात ऑर्किड गेलं की सगळा दोष उन्हाला जातो. खरं तर त्याची वाट बहुतेक वेळा बोअरच्या पाण्यानं आधीच लागलेली असते.

नर्सरीत रुंद पाकळ्यांचं जे पांढरं ऑर्किड मिळतं ते फॅलेनॉप्सिस. मूळ जंगलात ते झाडाच्या सालीला धरून वाढतं. मुळं उघडी, पावसात भिजणारी आणि लगेच सुकणारी. पावसाच्या पाण्यात क्षार जवळपास नसतात. आपल्या बोअरचा टीडीएस, म्हणजे लिटरमागे विरघळलेले क्षार मिलिग्रॅममध्ये, मात्र 500 च्या वर सहज जातो. ऑर्किडला तो 150 च्या आत हवा. असं जड पाणी घालत राहिलं की कुंडीत मातीऐवजी भरलेल्या सालीच्या तुकड्यांवर पांढरट थर चढतो, मुळांची हिरवी टोकं काळी पडतात, मग पानं सुरकुततात. झाड तहानलं असं वाटून आपण आणखी पाणी ओततो आणि उरलेली मुळंही कुजतात. म्हणून पावसाळ्यात पागोळीचं पाणी ड्रममध्ये झाकून साठवा, पहिल्या एक-दोन सरींचं सोडून. एरवी आरओचं चालेल; पण पिण्याच्या नळीचं, बाहेर फेकलं जाणारं नव्हे.

कुंडी पारदर्शक प्लास्टिकची घ्या, म्हणजे अंदाजपंचे काम राहत नाही. मुळं चंदेरी दिसली तर पाणी द्या, हिरवी असतील तर हात लावू नका. सकाळी कुंडी 10 मिनिटं पाण्यात ठेवून पूर्ण निथळू द्या. उन्हाळ्यात साधारण 3-4 दिवसांनी, पावसाळ्यात 7-10 दिवसांनी. पानांच्या मधल्या शेंड्यात थेंब राहिला तर कापसानं टिपा. या झाडाला वाढीचा शेंडा एकच. तो कुजला की संपलं.

माती अजिबात नको. दीड-दोन सेंटीमीटरचे सालीचे तुकडे चार भाग, लाकडी कोळसा एक भाग, आणि आपल्या कोरड्या हवेसाठी वरून मूठभर मॉस (ओल धरणारं वाळवलेलं शेवाळ). साल रात्रभर भिजवूनच भरा. कुंडी बदलायची ती मृगाचा पाऊस पडल्यावर, भर एप्रिलमध्ये नाही. पोकळ, मऊ मुळं कापा, टणक ठेवा. 19:19:19 खत (नत्र, स्फुरद, पालाश सारखंच असलेलं) लिटरभर पाण्याला अर्धा ग्रॅम, पंधरवड्यातून एकदा. महिन्यातून एकदा नुसत्या पाण्यानं कुंडी धुऊन काढा.

जागा पूर्वेच्या खिडकीची. एप्रिलच्या दुपारी हवा इतकी कोरडी होते की कूलरची खोलीच झाडाला मानवते. फक्त कूलरच्या थेट झोतात ठेवू नका, कळ्या पिवळ्या पडून गळतात.

फुलांचा दांडा यायला रात्रीचा गारवा लागतो: 16 ते 18 अंश, तीन-चार आठवडे. दसरा-दिवाळीच्या सुमारास तो आपल्याकडे फुकट मिळतो, तेव्हा कुंडी गॅलरीत सावलीत ठेवा. पारा 14 च्या खाली जायला लागला की आत आणा. नवा दांडा आणि नवं मूळ यांत गल्लत होते: दांड्याचं टोक चपटं, एका बाजूला खाच असलेलं, मुळाचं गोल, गुळगुळीत. फुलं झडल्यावर दांडा खालून दुसऱ्या पेराच्या वर कापला तर पुन्हा कळ्या येतात असं म्हणतात, आणि येतातही. पण उन्हाळा तोंडावर असेल तर तो बुडातूनच काढलेला बरा. झाडाची ताकद पानामुळांत जाऊ द्या.

आणि आंब्याची आढी घातलेल्या खोलीत कळ्यांचं झाड ठेवू नका. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू निघतो. त्यानं कळ्या गळतात आणि उमललेली फुलं अवेळी मिटतात.