कोणाकडे, काय, कधीपर्यंत

इंदूरच्या वस्त्यांमध्ये मी इतकी वर्षं जे काम करते आहे, त्याची सुरुवात आपल्या शाळेच्या नववीच्या वर्गात झाली. स्मरणिकेत लिहायचं म्हणून शाळेचं नाव जोडते आहे असं कुणाला वाटेल, पण हे अक्षरशः खरं आहे.

मराठीच्या बाई आम्हाला पत्रलेखन शिकवायच्या. परीक्षेपुरता मायना पाठ करायचा आणि पुढे जायचं, असा तो धडा बहुतेक ठिकाणी असतो. आमच्या बाईंचं तसं नव्हतं. अर्ज लिहून झाला की त्या उभं राहून वाचायला लावायच्या आणि मग विचारायच्या, "अर्ज कोणाकडे? मागणी काय? कधीपर्यंत हवं?" 'आमच्या गल्लीत पाणी येत नाही' ही नुसती तक्रार झाली, असं त्या म्हणायच्या. मागणीत काय हवं ते आलं पाहिजे. मग त्या नर्मदेची गोष्ट सांगायच्या. १९७० साली इंदूरकर रस्त्यावर उतरले ते 'पाणी द्या' एवढंच म्हणायला नव्हे, तर 'नर्मदेचं पाणी इंदूरला आणा' म्हणायला. १९७८ साली नर्मदाकाठच्या जलूदहून सत्तरेक किलोमीटर, विंध्याचा चढ चढून नर्मदा शहरात आली. बाई स्वतः त्या आंदोलनाच्या काळात विद्यार्थिनी होत्या, त्यामुळे हे सांगताना त्यांचा आवाज बदलायचा.

पुढे मी इंदूर स्कूल ऑफ सोशल वर्कमधून एमएसडब्ल्यू केलं आणि एका संस्थेत लागले. घरच्यांना बँकेची नोकरी हवी होती. त्याबद्दल इथे इतकंच पुरे.

वस्तीत जाऊ लागले तेव्हा पहिली गोष्ट दिसली ती प्रत्येक घरात खिळ्याला टांगलेली प्लास्टिकची पिशवी. रेशन कार्ड, मतदार ओळखपत्र, दवाखान्याच्या चिठ्ठ्या आणि घडीवर फाटत आलेला पट्टा, असं सगळं तीत. मध्य प्रदेशात १९८४च्या कायद्याने शहरातल्या भूमिहीनांना राहत्या जागेचे पट्टे मिळाले, त्यांपैकीच हा एक कागद. एका मावशींनी तो माझ्यासमोर उलगडला आणि विचारलं, "दीदी, इसमें मेरा नाम कहाँ है?" नाव नवऱ्याचं होतं, आणि तो वारून बराच काळ झाला होता. त्यांच्या वतीने कुणीकुणी अर्ज लिहिले होते, खाली त्यांचा अंगठाही होता. त्या अर्जांत काय मागितलंय, हे मात्र त्यांना कधी कुणी वाचून दाखवलं नव्हतं.

माझं सगळं काम या एका गोष्टीभोवती फिरत आलं आहे. दुसऱ्याने लिहिलेला अर्ज कितीही चांगला असला, तरी समोरच्या साहेबांनी उलट एक प्रश्न विचारला की अर्जदार गप्प होतो आणि कागद फायलीत जातो. तोच अर्ज बाईने स्वतः समजून घेतला असेल तर ती उत्तर देते, आणि तिला टाळणं अवघड होतं. म्हणून आम्ही ओट्यावर बसून प्रत्येक कागद मोठ्याने वाचायचो. पुन्हा वाचायचो. मग एकीने साहेब व्हायचं, बाकीच्यांनी अर्जदार. साहेब झालेली बाई फारच कडक वागायची. साहेब कसे बोलतात, हे तिला आमच्यापेक्षा चांगलं माहीत होतं. या तालमींना महिनेच्या महिने लागतात. निधी देणाऱ्यांना लाभार्थ्यांचा आकडा हवा असतो आणि तो मागण्यात गैर काही नाही. पण किती अर्ज गेले हे मोजून कोण बोलायला लागलं ते कळत नाही. हे मी प्रत्येक अहवालात लिहीत आले आहे, पुढेही लिहीन.

बाईंच्या तिसऱ्या प्रश्नाला, 'कधीपर्यंत' याला, सुरुवातीच्या वर्षांत आमच्याकडे उत्तरच नव्हतं. ते २००५च्या माहितीच्या अधिकाराने दिलं. दहा रुपये शुल्क, गरिबी रेषेखालच्यांना तेही माफ, आणि तीस दिवसांत उत्तर. उशीर झाला तर अधिकाऱ्याला दिवसाला अडीचशे रुपये दंड होऊ शकतो, जास्तीत जास्त पंचवीस हजार. वस्तीतल्या बायकांना यातलं सर्वांत काय भावलं असेल, तर तारीख. कागदावर शिक्का पडला त्या दिवसापासून भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तीस दिवस मोजायच्या. २०१० साली मध्य प्रदेशाने लोकसेवा गारंटीचा कायदा केला, देशातला असा पहिलाच. ठरावीक सेवांना ठरावीक मुदत, आणि मुदत मोडली तर अधिकाऱ्याकडून वसूल झालेला दंड अर्जदाराला भरपाई म्हणून मिळू शकतो. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने तर घरातल्या अठरा वर्षांवरच्या सर्वांत वडील बाईला रेशन कार्डावर कुटुंबप्रमुख केलं. मघाच्या मावशींसारख्या कितीजणींनी आपलं नाव कागदावर पहिल्या ओळीत पहिल्यांदाच पाहिलं. पात्रता पर्ची, म्हणजे रेशनच्या धान्याला पात्र असल्याची चिठ्ठी, हातात आल्यावर त्या धान्याआधी नाव बघायच्या.

लोकांना भेटणं, गट बांधणं हे एक काम. त्यांचं म्हणणं कायद्यापर्यंत, धोरणापर्यंत नेणं, ज्याला आम्ही पैरवी म्हणतो, ते दुसरं. मी हळूहळू दुसऱ्या कामाकडे सरकले. भोपाळच्या फेऱ्या, निवेदनं, सुनावण्या, वर्तमानपत्रांना टिपणं. त्यातला माझ्या सर्वांत जवळचा विषय म्हणजे भाजीवाल्या.

पथविक्रेत्यांचा कायदा २०१४ साली आला. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कुणाला जागेवरून हटवायचं नाही, जागा बदलायचीच तर तीस दिवसांची नोटीस द्यायची, असं त्यात आहे. शहराच्या टाउन वेंडिंग कमिटीत, म्हणजे पथविक्रेत्यांचे प्रश्न बघणाऱ्या समितीत, निदान चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांतूनच हवेत आणि त्यांतला एक तृतीयांश वाटा बायकांचा. कायद्याने खुर्ची दिली, पण खुर्चीत बसून बोलायचं कसं? आमच्या गटातल्या एक भाजीवाल्या आजी या कमिटीच्या बैठकीला जाणार होत्या. पहाटे मंडीतून माल आणायचा, दिवसभर ठेल्यामागे उभं राहायचं, हा त्यांचा दिवस. बैठक मात्र नेमकी धंद्याच्या वेळी. तेव्हा आम्ही तयार केलेली पहिली मागणी कायद्याबद्दल नव्हतीच, बैठक दुपारी दोननंतर घ्या, एवढीच होती. कोणाकडे, काय, कधीपर्यंत. आजींनी ती स्वतः मांडली. कुणीतरी म्हणालं, वेळ सगळ्यांच्या सोयीने ठरते. आजी म्हणाल्या, "मग सगळ्यांत मीपण येते." बैठक दुपारी झाली. ठेल्यांच्या जागांवरचा वाद त्यानंतर कितीतरी काळ चालला, काही ठिकाणी अजून चालू आहे. पण त्या दिवसानंतर आजी माझ्याकडे लिहून घ्यायला आल्या नाहीत, दाखवायला आल्या.

धीराचं म्हणाल तर या शहराला गिरणी कामगारांनी तो शिकवला आहे. हुकुमचंद मिल १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली आणि कामगारांच्या थकबाकीचे सुमारे २२४ कोटी रुपये २५ डिसेंबर २०२३ रोजी मार्गी लागले. तीसहून अधिक वर्षं. कितीजण ते पैसे बघायला राहिले नाहीत. तरी उरलेल्यांनी आणि गेलेल्यांच्या बायकांनी पाठपुरावा सोडला नाही. आमच्या मुलींना मी हे नेहमी सांगते.

आता अर्ज फोनवर आले आहेत. समग्र आयडी, म्हणजे मध्य प्रदेश सरकारचा कुटुंबाचा आणि व्यक्तीचा ओळख क्रमांक, मग ई-केवायसी, ओटीपी. कितीतरी बायकांच्या नोंदीला नवऱ्याचा, मुलाचा, नाहीतर कोपऱ्यावरच्या दुकानदाराचा नंबर जोडलेला आहे. ओटीपी त्याच्याकडे जातो आणि अर्ज पुन्हा दुसऱ्याच्या हातात जातो. मला याची मनापासून काळजी वाटते. पिशवीतला कागद निदान तिच्या घरात होता.

म्हणून शाळेला एक विनंती करते. कोणाकडे, हे सांगायला नको: माननीय मुख्याध्यापकांकडे. मागणी अशी की नववीच्या पत्रलेखनाच्या तासाला खरे अर्ज आणावेत. माहितीच्या अधिकाराचा, पात्रता पर्चीचा, नावदुरुस्तीचा. मराठीत आणि हिंदीत, दोन्हींत लिहून घ्यावेत, कारण आपल्या मुलांना पुढे हिंदीतच लिहायचं आहे. मुलांनी ते उभं राहून वाचावेत आणि बाकीच्या वर्गाने उलट प्रश्न विचारावेत. नावं झाकलेले जुने नमुने माझ्याकडे गठ्ठ्याने आहेत, ते मी शाळेला देईन. शनिवारी मला मोकळं असतं, तासालाही येईन. कधीपर्यंत, तर येत्या सत्रापासून. पत्ता आणि फोन कार्यालयात आहेच.