पहिल्या पडद्यावरचे चार सेकंद

"वहिनी, अडीच हजार हा आकडा तुम्ही आणलात तरी कुठून?" भाऊजींनी हे मला दहा वर्षांत निदान पन्नास वेळा विचारलं असेल. खरं सांगायचं तर आमच्या सॉफ्टवेअरची किंमत म्हणून फोनवर न अडखळता मला जो सगळ्यात मोठा आकडा म्हणता येत होता, तो अडीच हजार होता. तीन हजार म्हणताना माझा आवाज बारीक व्हायचा.

२००३ सालची गोष्ट. भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, नोकरी सोडून आमच्या कोथरूडच्या फ्लॅटमधल्या मागच्या खोलीत सॉफ्टवेअर लिहायला बसले होते. मी बी.कॉम., लग्नाआधी एका सीएंकडे चार वर्षं वह्या लिहिलेल्या. त्यामुळे प्रोग्रॅम त्यांचा आणि हिशेब, फोन, कुरिअर, वसुली माझी, अशी वाटणी न बोलताच झाली. तिसरा भागीदार माझा नवरा. तो बँकेत होता आणि त्याचा पगार हेच आमचं भांडवल.

चित्रं, आवाज, व्हिडिओ, मजकूर आणि बटणं एकत्र गुंफायची आणि ड्राइव्हमध्ये घातली की आपोआप सुरू होणारी सीडी बनवायची, असं ते साधन होतं. इंग्रजीत ऑथरिंग टूल म्हणायचे. मराठीत काय म्हणावं यावर आमच्या जेवणाच्या टेबलावर बरेच वाद झाले. गिऱ्हाईकं मात्र सरळ 'ते सीडी बनवायचं' म्हणायची. आम्ही ठेवलेलं नाव इथे लिहीत नाही, कारण त्या नावाची वेबसाइट आता दुसऱ्याच कुणाची आहे आणि तिथे टायर विकतात.

या धंद्यातला तेव्हाचा राजा म्हणजे मॅक्रोमीडिया या अमेरिकन कंपनीचं डायरेक्टर. किंमत ११९९ डॉलर, म्हणजे त्या वेळच्या रुपयात पंचावन्न हजारांच्या वर. मी पहिलं पत्रक छापलं त्यावर ठळक अक्षरांत होतं, 'पंचावन्न हजारांचं काम अडीच हजारांत.' ते वाचून जो पहिला फोन आला तो असा: "अहो ताई, डायरेक्टर बुधवार पेठेत शंभर रुपयांना मिळतंय की. त्याच सीडीवर फोटोशॉपपण असतं." मी पत्रकं उचलून माळ्यावर टाकली. माझ्या हिशेबात आम्ही बावीसपट स्वस्त होतो. गिऱ्हाइकाच्या हिशेबात पंचवीसपट महाग.

मग लोक आमच्याकडे येत होते कशासाठी? मराठीसाठी. डायरेक्टरला युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, कळायला २००८ साल उजाडलं, अकराव्या आवृत्तीत. तोवर मराठी मजकूर टाकायचा तर जुन्या पद्धतीचे फॉन्ट वापरायचे, म्हणजे पडद्यावर 'क' दिसणार पण संगणकाच्या लेखी ते भलतंच चिन्ह असणार. नाहीतर एकेका वाक्याचं फोटोशॉपमध्ये चित्र करून चिकटवायचं. एक वेलांटी चुकली की चित्र पुन्हा. विंडोज २००० पासून खुद्द विंडोजलाच देवनागरी जोडाक्षरं जुळवता यायला लागली होती आणि भाऊजींनी सगळी भिस्त त्यावर ठेवली.

हे विकायचं कसं, ते मला एका प्रदर्शनात कळलं. स्टॉलवर आम्ही सूर्याभोवती फिरणारी पृथ्वी दाखवत होतो. लोक बघत बघत पुढे जात होते. दुपारी एक वयस्कर गृहस्थ टेकायला म्हणून आमच्या खुर्चीत बसले. मी म्हटलं, बसलाच आहात तर आपलं आडनाव टाइप करून बघा. ते निघाले कऱ्हाडकर. भाऊजी कळ सांगत होते आणि ते एका बोटाने दाबत होते. 'क' आला. मग अर्धा र आला, एकटाच, पाय मोडलेला. मग 'ह' दाबल्याबरोबर तो अर्धा र बारीक होऊन 'ह'च्या डाव्या अंगाला पापणीसारखा जाऊन बसला. गृहस्थांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "आमचं नाव सगळीकडे 'कर्हाडकर' छापतात," म्हणाले. त्यांना सीडीबिडी काहीच बनवायची नव्हती, पण नातवाच्या क्लाससाठी म्हणून तिथेच चेक लिहून गेले. संध्याकाळपर्यंत पृथ्वी काढून टाकली होती आणि पडद्यावर फक्त 'दुसऱ्याच्या तऱ्हा' एवढे दोन शब्द होते.

(एक निवृत्त मुख्याध्यापक मात्र तेही बघून म्हणाले, "हा ल आपला नाही." विंडोजसोबत येणाऱ्या मंगल फॉन्टचा ल हिंदी वळणाचा आहे, त्यांचं खरंच होतं. ते काही न घेता गेले.)

पहिल्या वर्षी एकेचाळीस प्रती गेल्या. फोन आले सहाशे अठ्ठावीस; माझ्याकडे रजिस्टर आहे. निम्मे फोन विंडोज एक्सपीवर मराठी उमटत नाही म्हणून. कंट्रोल पॅनलमध्ये जाऊन एक चौकट टिक केली की विंडोज त्याची मूळ सीडी मागायचं. मूळ सीडी! ती कुणाकडे असायची? उरलेले निम्मे किल्लीचे. भाऊजींनी सॉफ्टवेअर चालू करायची किल्ली, म्हणजे सांकेतिक अक्षरं, हार्डडिस्कच्या क्रमांकावर बेतली होती आणि त्या काळी दर दोन महिन्यांनी व्हायरस, दर व्हायरसला फॉरमॅट, दर फॉरमॅटला नवा क्रमांक. मी कुकर लावता लावता आठ अक्षरं लिहून घ्यायची. "बी की डी?" "बी, बी. बटाट्याचा." एका प्रतीमागे पंधरा फोन. वर्षाअखेरीस एक लाख अडीच हजारांतून फोन, कुरिअर, स्टॉलचं भाडं वजा केलं आणि भाऊजींच्या वाट्याला महिना किती पडतो ते काढलं. सोसायटीच्या वॉचमनचा पगार जास्त होता.

म्हणून किंमत साडेनऊ हजार केली. आवाज बारीक होऊ नये यासाठी नवऱ्याने युक्ती सांगितली: नुसतं 'साडेनऊ' म्हणायचं, हजार गिळून टाकायचे. भोसरी-चाकणचे कारखाने घासाघीस न करता घ्यायला लागले. तीन कोटेशनं लागायची, त्यातली दुसऱ्या दोघांची आम्हीच मिळवून द्यायची, एवढाच त्रास. पण क्लासवाले एका महिन्यात गायब झाले आणि मग माझ्या लक्षात आलं की नवीन गिऱ्हाईक आणायचे ते क्लासवालेच. कारखान्याच्या ट्रेनिंग ऑफिसरने शेजारच्या कारखान्याला फोन करून आमचं कौतुक केलंय, असं एकदाही झालं नाही.

तेव्हा दोन आवृत्त्या काढल्या. एक तीन हजारांची, एक साडेनऊची. आत तसूभर फरक नाही. तीन हजारवालीतून बनवलेली सीडी सुरू झाली की पहिल्या पडद्यावर चार सेकंद आमचं नाव आणि फोन नंबर. साडेनऊवालीत तो पडदा नाही. कल्पना आमची नव्हती. डायरेक्टरमध्ये बनवलेल्या सीडीच्या वेष्टनावरही 'मेड विथ मॅक्रोमीडिया' हे चिन्ह छापावं लागे. माझा अंदाज सरळ होता: कारखान्यांना दुसऱ्याचं नाव खपणार नाही, ते पैसे भरतील, मास्तर मंडळी चार सेकंद सोसतील.

झालं नेमकं उलटं. भोसरीचे साहेब म्हणाले, "चार सेकंद ना? तेवढ्यात आमची माणसं खुर्ची ओढून बसतात," आणि तीन हजारवाली घेऊन गेले. आणि तीन आठवड्यांनी बार्शीहून एका सरांचा फोन. "ताई, ते नाव काढायचं किती?" सर दोन खोल्यांत दहावीचा विज्ञानाचा क्लास चालवत होते. विद्युतधारेच्या धड्याची सगळी चित्रं त्यांनी रात्री जागून स्वतः काढली होती, आवाज त्यांच्या बायकोचा. दीडशे रुपयांना पोरांना सीडी द्यायचे. मी विचारलं, सर, चार सेकंदांनी काय अडतंय? ते जरा गप्प राहिले. मग म्हणाले, "पोरं विचारतात, सर, ही सीडी पुण्याहून आणली का?"

उरलेले साडेसहा हजार त्यांनी दोन चेकने भरले, दुसरा पुढच्या महिन्याच्या तारखेचा. त्या वर्षी सोलापूर-लातूरकडच्या आणखी अकरा क्लासवाल्यांनी तेच केलं. आठ महिने खपून भाऊजींनी घातलेल्या व्हिडिओच्या सोयीसाठी कुणी जास्तीचा रुपया दिला नव्हता. आमचं नाव पुसायला लोक साडेसहा हजार मोजत होते.

आनंद झाला, पण वही लिहिणाऱ्या बाईला आनंद फार दिवस टिकत नाही. सरांची सीडी चारेकशे घरांत गेली आणि त्यातल्या एकाही घरात आमचा फोन नंबर पोचला नाही. नंबर होता तो भोसरीच्या एका हॉलमध्ये, तीच माणसं रोज बघणार, आणि त्यांतलं कुणी सॉफ्टवेअर घेणार नव्हतं. आमची जाहिरात आणि आमची कमाई, दोन्ही त्या चार सेकंदांतच अडकलेल्या. ते विकले की जाहिरात गेली, ठेवले की कमाई. भाऊजींनी मधला मार्ग म्हणून साडेनऊच्या आवृत्तीत 'माहिती' या बटणाच्या पोटात बारीक अक्षरांत आमचं नाव घातलं. सरांना ते दुसऱ्या दिवशी सापडलं.

दर सीडीमागे पाच रुपये घ्यायचाही प्रयोग करून पाहिला. गाइडं छापणाऱ्या एका प्रकाशकाने शंभर प्रतींचे पाचशे रुपये अगदी वेळेवर पाठवले. त्याच दिवाळीत माझ्या मावसबहिणीच्या मुलाने तीच सीडी दाखवायला आणली. वर शिक्का होता: प्रत क्र. १८४०. मी पुन्हा कधी कुणाला किती प्रती काढल्या म्हणून विचारलं नाही.

एक चूक अजून टोचते. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारा एक छोटा प्रोग्रॅम आम्ही सोबत फुकट द्यायचो. कितीतरी डीटीपीवाल्यांनी तेवढ्यासाठीच अख्खं सॉफ्टवेअर घेतलं होतं. तो वेगळा विकायचं आमच्या तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. आणि करांचं तर विचारूच नका. २००५ ला व्हॅट आला, २००८ ला सॉफ्टवेअरवर सेवाकर. आमची पेटी माल की सेवा यावर दोन सीए दोन उत्तरं द्यायचे, आणि मी भीतीपोटी दोन्ही भरले.

२०१३ च्या मार्चमध्ये विक्री थांबवली. नव्या लॅपटॉपना सीडीची खाचच राहिली नव्हती, आणि क्लासवाले यूट्यूबवर जायला लागले होते. त्याच सुमारास भाऊजींनी मला एडिंबरोच्या एका छोट्या कंपनीबद्दल वाचून दाखवलं. लाइव्हकोड. ॲपलच्या हायपरकार्डच्या वळणाचं, साध्या इंग्रजीसारख्या भाषेत प्रोग्रॅम लिहायचं साधन. हायपरकार्ड १९८७ मध्ये प्रत्येक नव्या मॅकसोबत फुकट मिळायचं. पुढे ॲपलच्याच उपकंपनीने त्याला किंमत लावली आणि २००४ मध्ये ते बंदच झालं. या एडिंबरोवाल्यांनी आपलं सॉफ्टवेअर सर्वांना खुलं करायला किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या वेबसाइटवर साडेतीन लाख पौंड मागितले आणि ३,३४२ लोकांनी ४,९३,७९५ पौंड दिले. भाऊजींचे डोळे भरून आले होते. मी कॅल्क्युलेटर घेतला: माणशी सुमारे १४८ पौंड. "म्हणजे साधारण आपल्या साडेनऊवाल्याहून थोडं जास्तच," मी म्हटलं. "वहिनी, तुम्ही ना," एवढंच बोलून ते उठले.

त्यांचा सौदा आमच्यासारखाच होता, फक्त जरा वरच्या दर्जाचा. फुकट आवृत्तीत बनवलंत तर तुमचा कोड, म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ मजकूर, जगाला उघडा. झाकून ठेवायचा असेल तर पैसे भरा. मी तेव्हाच विचारलं होतं, मास्तर लोकांना कोड झाकायचाच नसेल तर? ऑगस्ट २०२१ च्या शेवटी त्यांनी फुकट आवृत्ती बंद केल्याचं जाहीर केलं. कारणं त्यांची त्यांना ठाऊक. माझा आपला तर्क असा, की कोड कुणी बघितला म्हणून पोरं वर्गात काही विचारत नाहीत.

किल्ल्या काढायचा जुना संगणक मी अजून ठेवलाय, शिवणाच्या मशीनशेजारी. वर्षातून एकदा, जूनमध्ये, चालू करते. बार्शीचा क्लास आता सरांचा मुलगा बघतो, पण विद्युतधारेच्या धड्याला सर स्वतः जातात आणि त्यांचा तो एक्सपीवाला डबा लावतात. या जूनला हार्डडिस्क गेली. दुसरी जुनीच मिळवून बसवली त्यांनी. सकाळी फोन आला, आठ अक्षरं सांगितली, मध्ये एक बी होता आणि तो बटाट्याचाच होता. मी किल्ली वाचून दाखवली, त्यांनी टाइप केली. पलीकडे जरा वेळ पंख्याचा आवाज.

"ताई, चालू झालं. पण सुरुवातीला तुमचं नाव नाही ना यायचं?"

"नाही हो सर. पैसे भरलेत तुम्ही."