तिसऱ्या भागाची कोरी पाने

मुंबईत फाउंटनच्या पदपथावर जुनी पुस्तके विकणाऱ्यांच्या ढिगांसमोर मी गेली पंचवीस वर्षे उभी राहत आले आहे, आणि तेवढ्या अनुभवावर एक गोष्ट मी सांगू शकते. अद्भुतकथांच्या किंवा विज्ञानकथांच्या मालिकेचा पहिला भाग तिथे सहसा मिळत नाही, आणि मिळालाच तर त्याचा कणा मोडलेला असतो, कोपरे दुमडलेले असतात, मुखपृष्ठावर चहाच्या कपाचा गोल डाग असतो. तिसरा, चौथा, पाचवा भाग मात्र हवा तेव्हा मिळतो आणि बहुधा कोरा करकरीत मिळतो. एकदा मला अशाच एका चौथ्या भागात चौसष्टाव्या पानावर खुणेसाठी ठेवलेले लोकलचे परतीचे तिकीट सापडले. त्यापुढची पाने कडेला अजून किंचित चिकटलेली होती. परतीच्या प्रवासात त्या वाचकाने खिडकीबाहेर पाहणे पसंत केले असावे.

हे आठवण्याचे कारण माझा भाचा. चित्रपट पाहून तो फ्रँक हर्बर्ट यांच्या ‘ड्यून’ या विज्ञानकादंबरीकडे वळला, चिकाटीने ते संपवले आणि मग मला विचारले, “मावशी, पुढचे भाग वाचू, की इथेच थांबू?” त्याला हो किंवा नाही एवढेच उत्तर हवे होते. मी म्हणाले, “विचार करून सांगते,” आणि त्या विचारात दोन आठवडे गेले.

मालिकेत पाणी घालणे म्हणजे काय, हे मराठी घरात कुणाला समजावून सांगावे लागत नाही. रोज रात्री जेवणाच्या वेळी लागणाऱ्या दूरचित्रवाणी मालिकांनी ते शिक्षण आपल्याला फुकट दिले आहे. रॉबर्ट जॉर्डन यांच्या ‘व्हील ऑफ टाइम’ या अद्भुतकथा-मालिकेचा २००३ साली आलेला दहावा भाग हा त्याचा पुस्तकी नमुना. नवव्या भागाच्या अखेरीस एक प्रचंड घटना घडते, आणि दहाव्या भागाचा बराच हिस्सा ती घडत असताना ठिकठिकाणची माणसे काय करीत होती, हे सांगण्यात खर्ची पडतो. जॉर्डन २००७ मध्ये गेले. उरलेली कथा ब्रँडन सँडरसन यांनी एका पुस्तकात पूर्ण करायची असे ठरले होते, पण त्या एकाची तीन झाली आणि चौदावा, शेवटचा भाग २०१३ साली आला. तो मिटताना मिळालेले समाधान खोटे नव्हते, परंतु ते बारा तास उशिरा धावणारी गाडी एकदाची फलाटाला लागल्याचे समाधान होते. अशा भागांविषयी मला याहून अधिक काही म्हणायचे नाही.

मला विचारात पाडतात ती पुस्तके वेगळी आहेत. ती कंटाळवाणी नसतात, नीट बांधलेली असतात, आणि तरीही ती वाचून मन भरत नाही. आयझॅक असिमॉव्ह यांचे ‘फाउंडेशन’ घ्या. १९४२ ते १९५० या काळात मासिकातून आलेल्या कथांची १९५१ ते १९५३ दरम्यान तीन पुस्तके झाली आणि १९६६ मध्ये त्या त्रयीला सर्वकालीन सर्वोत्तम मालिकेचा ह्यूगो हा विज्ञानकथांचा मानाचा पुरस्कार मिळाला. आकाशगंगेभर पसरलेले साम्राज्य कोसळणार आहे, त्यानंतर येणारा तीस हजार वर्षांचा अंधार टाळता येणार नाही, पण तो एक हजार वर्षांवर आणता येईल, असे हॅरी सेल्डन गणिताने मांडतो, आणि मग कथा चालू लागते. या त्रयीचे खरे बळ असे की तिच्यात कुणीच फार काळ टिकत नाही. माणसे येतात, बोलतात, थोडीफार शहाणी ठरतात आणि मरतात. पुढच्या प्रकरणात त्यांची केवळ आठवण उरते.

प्रकाशकांच्या आग्रहाखातर असिमॉव्ह जवळजवळ तीस वर्षांनी, १९८२ साली, या मालिकेकडे परतले. तत्पूर्वी त्यांनी आपलीच जुनी पुस्तके वाचून काढली आणि त्यांत बोलण्यापलीकडे काहीच घडत नाही, हे पाहून ते चक्रावले. नवे पुस्तक, ‘फाउंडेशन्स एज’, प्रचंड खपले आणि त्यालाही ह्यूगो मिळाला. मी ते दोन रात्रींत संपवले होते, म्हणजे ते वाचनीय नाही असे मी म्हणूच शकत नाही. परंतु त्यात आणि १९८६ च्या पुढच्या भागात एकच नायक यानात बसून ग्रहामागून ग्रह पालथे घालतो, सेल्डनच्या आराखड्याऐवजी तिसराच मार्ग निवडतो, आणि असिमॉव्ह यांच्या यंत्रमानवांच्या कथाही याच धाग्यात ओवल्या जातात. वाण्याने वेगवेगळ्या पुड्या सोडून सगळे एकाच पिशवीत ओतावे, तसे ते मला वाटले. शेवटच्या दोन पुस्तकांत तर ते मागे, सेल्डनच्या आयुष्याकडे वळले. एक हजार वर्षांपैकी उरलेली पाचशे वर्षे त्यांनी लिहिलीच नाहीत. मला ही गोष्ट फार बोलकी वाटते. वाचकांनी ‘आणखी द्या’ म्हटले आणि त्यांनी भरभरून दिले, पण पहिल्या त्रयीने ज्याची उत्सुकता लावली होती, तेवढेच नेमके द्यायचे राहिले.

हर्बर्ट यांनी नेमके उलटे केले. १९६५ चे ‘ड्यून’ वाचणारा वाचक पॉल अट्रेडिसच्या बाजूने उभा राहतो. बाप मारला गेलेला, वाळवंटात परागंदा झालेला आणि शेवटी सिंहासन जिंकणारा मुलगा कुणाला आवडणार नाही? १९६९ साली आलेल्या ‘ड्यून मसाया’मध्ये तोच पॉल सम्राट आहे, आणि आपल्या नावाने चाललेल्या धर्मयुद्धात एकसष्ट अब्ज माणसे मारली गेली, नव्वद ग्रह निर्जीव झाले, हा हिशेब तो स्वतःच, थंडपणे, समोरच्याला सांगतो. पहिले ‘ड्यून’ ज्या मासिकाने क्रमशः छापले होते, त्याच मासिकाचे संपादक जॉन कॅम्पबेल यांनी हा दुसरा भाग नाकारला. त्यांना नायक हवा होता, नायकाचा पंचनामा नको होता. (असिमॉव्ह यांच्या मूळ कथा छापणारे संपादकही हेच.) गंमत अशी की हा पंचनामा नंतर सुचलेला नव्हता. दुसऱ्या आणि तिसऱ्या भागांतील काही मजकूर पहिले पुस्तक पूर्ण होण्याआधीच लिहून झाला होता, असे हर्बर्ट यांनी नमूद केले आहे. म्हणजे ज्याला पुष्कळ वाचक आजही ‘पुढचा भाग घसरला’ असे म्हणतात, ती त्या कथेची मुळातलीच दुसरी बाजू होती.

आता ज्या पुस्तकाने माझे मत घडवले आणि नंतर मोडले, त्याविषयी. अर्सुला ले ग्विन यांच्या ‘अर्थसी’ मालिकेची पहिली तीन पुस्तके १९६८ ते १९७२ या काळातली. बेटांचा समुद्र, खऱ्या नावांत दडलेली जादू, रोक बेटावरची जादूगारांची शाळा आणि तिथे केवळ मुलग्यांना प्रवेश. पहिल्याच पुस्तकाच्या सुरुवातीला, जादू करणाऱ्या बायकांविषयी गाँट बेटावर रूढ असलेली एक म्हण येते, जिचा आशय असा की बायकांची जादू दुबळी असते आणि दुष्टही असते. विशीत वाचताना मी ती म्हण वाचून पुढे गेले. लेखिकाही तेव्हा पुढेच गेली होती.

अठरा वर्षांनी, १९९० मध्ये, ‘टेहानू’ आले. मी ते तेविसाव्या वर्षी वाचले आणि मला ते अजिबात आवडले नाही. तिसऱ्या पुस्तकाच्या शेवटी ज्याने जिवंत आणि मृत यांच्या जगांमधले भगदाड बुजवले, तो महाजादूगार गेड इथे ड्रॅगनच्या पाठीवरून अर्धमेला परत येतो, त्याची सारी शक्ती संपलेली आहे, आणि तो शरमेने लोकांना टाळत डोंगरावर शेळ्या राखायला निघून जातो. ज्या तेनारला त्याने दुसऱ्या पुस्तकात थडग्यांखालच्या चक्रव्यूहातून बाहेर काढले, ती आता शेतकऱ्याची विधवा आहे. तिच्या घरात स्वयंपाक, धुणे, शेळ्या आणि एक भाजलेली, छळलेली लहान मुलगी आहे. पहिल्या तीन पुस्तकांतली समुद्रसफर, मंत्र, पाठलाग यांतले फारच थोडे उरले होते. माझी फसवणूक झाली, अशी माझी तेव्हाची भावना होती आणि ती मी वहीत लिहूनही ठेवली आहे.

दुसऱ्यांदा ते मी चव्वेचाळिसाव्या वर्षी वाचले, रात्री अकराच्या सुमारास, ओटा पुसून झाल्यावर. पुस्तकाच्या उत्तरार्धात तेनारचा मोठा झालेला मुलगा समुद्रावरून घरी येतो. शेत आपले आहे, असे तो धरून चालतो, आणि जेवल्यानंतरची आवराआवर आपल्या वाट्याची नाही, हेही धरून चालतो. प्रसंग एवढासाच आहे. त्यात आरडाओरडा नाही, जादू तर नाहीच. मी मात्र पुस्तक मांडीवर ठेवून बराच वेळ तशीच बसले, कारण तेविसाव्या वर्षी मी हे पान त्या मुलाच्या बाजूने वाचले होते हे मला लख्ख आठवले. गोष्ट पुढे सरकावी म्हणून तेनारने तेवढे पटकन उरकून घ्यावे, असे मला वाटले होते. ले ग्विन आपल्याच पहिल्या पुस्तकातल्या त्या म्हणीकडे परत आल्या होत्या. त्या सुंदर जगात भांडी कोण घासत होते, शाळेबाहेर कोण उभे होते, हे त्यांनी बावीस वर्षांनी स्वतःलाच विचारले होते.

‘टेहानू’ला ह्यूगोसारखाच मानाचा नेब्युला पुरस्कार मिळाला, तरी ते न आवडणारे वाचक पुष्कळ होते, आणि त्या वाचकांना मी आज चूक ठरवणार नाही. पहिल्या पुस्तकावर आपण ज्यासाठी प्रेम केले, तेच काढून घेणारा भाग वाचून समाधान वाटले नाही, तर त्यात वाचकाचा दोष काय? ले ग्विन यांनी या पुस्तकाला अर्थसीचे शेवटचे पुस्तक म्हणून उपशीर्षकही दिले होते. पुढे २००१ मध्ये आणखी दोन पुस्तके आली, तेव्हा त्या घोषणेबद्दल त्यांनी स्वतःलाच वेडी लेखिका म्हणून घेतले. मला त्यांचा हा मोकळेपणा असिमॉव्ह यांच्या सगळे धागे जुळवण्याच्या हौसेपेक्षा जवळचा वाटतो.

अर्थात, लेखकाने स्वतःच्या पहिल्या पुस्तकाशी भांडण काढले की झाले, असेही नाही. ‘ड्यून’चा चौथा भाग, १९८१ चा, कथेला साडेतीन हजार वर्षे पुढे नेतो, पॉलचा मुलगा अर्धा वाळूतला अजस्र किडा बनून राज्य करीत असतो आणि पानेच्या पाने बोलत असतो. हर्बर्ट यांचे भांडण तिथेही चालू आहे, किंबहुना अधिक धारदार झाले आहे, पण तोवर ज्यांच्यासाठी आपण पाने उलटत होतो ती माणसे केव्हाच मागे पडलेली आहेत. पॉलचा जुना साथीदार डंकन आयडाहो तेवढा पुन्हा पुन्हा नव्याने घडवला जातो आणि आपल्यासारखाच गोंधळून पाहत राहतो. तेनारच्या बाबतीत असे होत नाही. जग कितीही उलटेपालटे झाले, तरी ती चुलीपाशी उभी दिसते. माझे चौथ्या ‘ड्यून’चे वाचन तीनदा अडले आहे. तिसऱ्या वेळी मीही खुणेसाठी वाण्याची यादी ठेवली होती, ती अजून त्याच पानावर आहे.

भाच्याला अखेर मी ‘ड्यून मसाया’ दिले आणि सांगितले, “पॉल आवडत असेल, तर जपून वाच.” दहा दिवस तो काही बोलला नाही. परवा रात्री त्याचा फोन आला. आवाज चिडका होता. “मावशी, हा माणूस असा का वागतो? आणि सगळे माहीत असून थांबत का नाही?” मी काही उत्तर दिले नाही, पण तिसरा भाग पिशवीत घालून दाराजवळ ठेवला आहे. चौथ्याविषयी अजून आमचे बोलणे झालेले नाही.