काट्यावरचे बावीस किलो

चवथीच्या आधी हेलिकॉप्टर तयार हवं, असा मालकांचा निरोप जुलैतच आला होता. सोबत यादी: एसी, पाण्यावर उतरावं लागलं तर तरंगवणारे, फुगणारे फ्लोट, स्क्रीनवालं पॅनल, ऑटोपायलट आणि नवी शेपटी. यंत्र म्हणजे रॉबिन्सन आर-४४ रेव्हन-२, पिस्टन इंजिनाचं, चार सीटचं. यादीतलं काहीही हातात घेण्याआधी मी ते काट्यावर चढवायला लावलं. कागदावर रिकामं वजन ६९० किलो होतं.

वजन करणं सोपं वाटतं, पण वेळ खातं. इंधन काढायचं, तेल पूर्ण भरायचं, सीटखालचे कप्पे मोकळे करायचे, यंत्र लेव्हलला आणायचं. हँगरचं दार लावून पंखे बंद करायचे, कारण रोटरच्या पात्यांवर झुळूक आली तरी आकडा हलतो. तीन इलेक्ट्रॉनिक काट्यांची बेरीज आली ७१२. यंत्र उतरवून, काटे शून्यावर आणून परत मोजलं. तरीही ७१२.

कागदात नसलेले बावीस किलो कुठून आले? दुपारपर्यंत आतलं ट्रिम उघडत गेलो. पॅनलमागे जुन्या, बंद पडलेल्या एडीएफचा, म्हणजे रेडिओवरून दिशा दाखवणाऱ्या यंत्राचा, रिसीव्हर आणि त्याच्या केबलचं भेंडोळं सापडलं: तीन किलो. गालिच्याखाली कुणीतरी आवाज कमी व्हावा म्हणून जास्तीचा फोम घातला होता, तो तीन पावसाळ्यांचं पाणी पिऊन बसला होता. पिळला तर अक्षरशः धार लागली. गालिच्यासह आठ किलो. सीटना चामड्याची जाड कव्हरं आणि त्यांखाली आणखी गादी: सहा किलो. त्या चामड्याचा आगीच्या चाचणीचा दाखलाही फाइलमध्ये नव्हता. उरलेले पाच रंगाचे. जुना थर न खरवडता वर नवा मारला की असंच होतं.

गादी केवळ वजनासाठी काढली असं नाही. आर-४४ च्या सीटचा खालचा खोका जोरात आपटल्यावर चेपावा, म्हणजे धक्का त्यात जिरावा, अशा बेताने केलेला असतो. म्हणून त्या कप्प्यात टणक सामान कोंबू नये. सीटवरचा माणूस आणि खालचं सामान मिळून मर्यादा १३६ किलो आहे, हे लोक सोयीस्करपणे विसरतात.

मालक संध्याकाळी आले. यंत्राचं कमाल वजन ११३४ किलो. ७१२ त्यातून वजा, चार माणसांचे सरासरी ८२ प्रमाणे ३२८ वजा. इंधनाला उरले ९४ किलो, म्हणजे जेमतेम १३० लिटर.

"टाकी तर १७६ लिटरची आहे ना?" त्यांनी विचारलं.

"आहे. पण चौघं बसल्यावर भरता येणार नाही, पंचेचाळीस लिटर खाली ठेवावे लागतील. एवढे दिवस तुम्ही काय करत होता ते मी विचारत नाही."

या इंजिनाला तासाला साधारण ५७ लिटर लागतात. फ्लोटचे तीसेक किलो चढवले तर इंधनाला ६४ किलो, ८९ लिटर उरतात. राखीव वीस मिनिटं काढली की सव्वा तासही उडता येत नाही. शिवाय एप्रिल-मेत ३५ अंशांवर समुद्रसपाटीलाही हवा २४०० फुटांवरच्यासारखी विरळ होते. इंजिनाची २४५ अश्वशक्ती वापरता येते ती फक्त पाच मिनिटांसाठी, सलग चालवायला २०५. एसी तिथेच यादीतून गेला. फ्लोट ठेवावेत की नाही यावर आमचं जुळलं नाही. किनाऱ्याबाहेर जाणार असाल तर फ्लोट हवेतच, नसाल तर ते नुसतं ओझं. शेवटी त्यांनीच ते पुढल्या वर्षावर ढकललं.

ऑटोपायलट मात्र मी स्वतः सुचवला असता. हेलिसास नावाच्या ऑटोपायलटचं वजन सात किलोच्या आत आहे, आणि सह्याद्रीच्या बाजूने अचानक ढग उतरला तर यंत्र समतल धरायला त्याचा उपयोग होतो. नवी शेपटीही हवीच. जुना आडवा पंख एकाच बाजूला असतो, नव्या किटमध्ये दोन्ही बाजूंना. वेगात लो-जी झालं, म्हणजे क्षणभर वजन हलकं झाल्यासारखं झालं, की यंत्र उजवीकडे कलंडू पाहतं, ते त्याने कमी होतं. पण ती बसते पार मागे. तिथला एक किलो गुरुत्वमध्य जितका हलवतो तितका मास्टजवळचा, म्हणजे मुख्य रोटरच्या दांड्याजवळचा, हलवत नाही. मग प्रत्येक वस्तूचा आर्म, म्हणजे डेटमपासूनचं अंतर, गुणिले वजन, सगळी बेरीज परत. डेटम, म्हणजे मोजणी सुरू होते ती रेषा, मास्टच्या १०० इंच पुढे, हे धरून.

खरा खर्च यादीत नव्हताच. पावसात उड्डाण बंद, म्हणून मदतनीस दर रविवारी इंजिन दहा मिनिटं जमिनीवर चालवायचा. हेतू चांगला, परिणाम वाईट. या लायकॉमिंग इंजिनाचा कॅमशाफ्ट, म्हणजे झडपा उघडणारा दांडा, वर असतो, त्यावरचं तेल ओघळून जातं. तेल ७४ ते ९३ अंशांपर्यंत तापलं नाही तर आतला ओलावा जात नाही, उलट वाढतो. झिजलेल्या लोखंडाचा कीस आहे का ते बघायला तेलाचा फिल्टर कापून आतला कागद पसरला. चुंबकाला काही चिकटलं नाही. नशीब. तेल बदललं, आणि पुढच्या पावसाळ्यासाठी गंज रोखणारं प्रिझर्व्हेटिव्ह तेल व स्पार्क प्लगच्या जागी ओलावा शोषणाऱ्या निळ्या सिलिकाचे डिहायड्रेटर प्लग मागवले. निळा गुलाबी झाला की बदलायचा. किनाऱ्यावरून आल्यावर गोड्या पाण्याने धुणंही ठरलं, पण प्रेशर वॉशरने नाही, बेअरिंगमधलं ग्रीस निघून जातं.

तिसऱ्या दिवशी परत मोजलं. ६९५. फोमच्या जागी काही घातलं नाही. आवाज वाढला तर हेडसेट चांगले घ्या म्हटलं. नवा वजनाचा कागद सही करून फाइलला लावला, शेपटी आणि ऑटोपायलट बसले की तिसऱ्यांदा मोजायचं आहे. मालकांनी माणसं तोलायचा साधा काटा आणून हँगरच्या दाराशी ठेवला. पहिल्यांदा स्वतःच उभे राहिले. ९४.