पाच सेकंदांचा आयडेंट बनवताना

दोन कार्यक्रमांच्या मध्ये चॅनलचं चिन्ह फिरत येतं, धून वाजते आणि संपतं. टीव्हीच्या धंद्यात त्याला आयडेंट म्हणतात. इतकी वर्षं प्रोमो कापत आले, पण आयडेंट पहिल्यांदाच अंगावर पडला. नवं चॅनल, नवा लोगो आणि ब्रीफमध्ये एकच ठाम मागणी: भव्य हवं!

प्रोमो दोन-चार दिवस चालतो. आयडेंट मात्र तासातासाला लागतो, तोही वर्षानुवर्षं. पहिल्यांदा डोळे दिपवणारी चीज आठवड्याभरात डोक्यात जाते. म्हणून आधी टिकलेले आयडेंट काढून बसले. ब्रिटनच्या चॅनल फोरचा 1982 चा: रंगीत ठोकळे उडत येतात आणि त्यांचा चारचा आकडा होतो. कल्पना मार्टिन लॅम्बी-नेअर्न यांची, धून डेव्हिड डंडस यांची, अवघ्या चार सुरांची. आपल्या दूरदर्शनचं चिन्ह राष्ट्रीय डिझाइन संस्थेत देवाशिष भट्टाचार्य यांनी रेखाटलं, धून पंडित रविशंकर यांची. एनबीसी या अमेरिकी प्रसारण कंपनीचे तीन सूर तर रेडिओच्या जमान्यातले. 1950 मध्ये तिथे त्यांची चक्क व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी झाली. हे सगळे टीव्हीकडे पाठ असली तरी नुसते ऐकून ओळखता येतात. ब्रेक लागला की माणूस उठून जातो, हे त्या लोकांना पक्कं ठाऊक असावं.

मग मी चित्र बाजूला ठेवलं आणि संगीतकाराकडून आधी धून करून घेतली. गुणगुणता आली नाही की बाद. यातच सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि तो जायलाच हवा होता.

मीटिंगमध्ये कुणीतरी विचारलं, कोपऱ्यात लोगो चोवीस तास असतोच, मग आयडेंट कशाला? प्रश्न रास्त होता. अमेरिकेत स्टेशनला दर तासाला आपली ओळख सांगणं नियमानेच बंधनकारक आहे. आमच्यावर तशी सक्ती नव्हती. पण कोपऱ्यातला लोगो, म्हणजे बग, मुका असतो. हे उत्तर पटलं.

चित्राचं काम त्या मानाने भराभर उरकलं. सेकंदाला 25 फ्रेम, पाच सेकंदांच्या 125. आवाजाची पातळी युरोपच्या आर 128 मानकाप्रमाणे उणे 23 एलयूएफएस (आवाज कानाला किती मोठा वाटतो, ते मोजायचं एकक).

खरी परीक्षा एमसीआरमध्ये झाली, जिथून चॅनल प्रत्यक्ष हवेत जातं. तिथल्या ऑपरेटरने आयडेंट एका जाहिरातीच्या शेपटीला जोडून लावला. जाहिरात दणक्यात संपली आणि आमचा पहिला सूर तिच्याखाली गडप. "मॅडम, सुरुवातीला काही महत्त्वाचं ठेवू नका, गिळलं जातं," तो म्हणाला. दहा फ्रेम मोकळ्या सोडून सूर पुढे सरकवला, तसा तो स्वच्छ ऐकू आला. बगचंही तिथेच कळलं: पांढऱ्या भिंतीच्या स्टुडिओवर आमचा पांढरा लोगो दिसेचना. कडेला बारीक सावली दिली. पूर्ण अपारदर्शक मात्र केला नाही. एकाच जागी सतत राहिलेल्या ठळक चिन्हाचा डाग काही पडद्यांवर कायमचा उमटतो.

ब्रीफमधल्या 'भव्य'साठी केलेला प्रकाशाच्या झोतांचा भाग शेवटी लाँचच्या प्रोमोत गेला. तिथे शोभलाही. आयडेंटमध्ये राहिली ती धून, एक रेघ आणि नाव. आता चॅनलला त्याचीच तीन सेकंदांची आवृत्ती हवी आहे. रेघ कापता येईल, धुनेला मी हात लावू देणार नाही.